दादा इस्पितळातून निघून आला

सोलापूर, बुधवार, माघ १९३१. दिवेलागण.

शाळेतून परस्पर दादाच्या घरी गेलो, तर तो दारातच बसलेला. इस्पितळातून कुणाला न सांगता चालत आला होता. हाताचं फडकं पुरतं ओलं झालेलं.

गिरणीच्या पट्ट्यात हात सापडल्यापासून त्याला अर्धा पगार मिळतो, त्यावरच त्यांचं घर चाललंय. माझ्या पगारात दोन संसार भागत नाहीत. काल गिरणीच्या कारकुनाने वहिनीला सांगितलं, इस्पितळात फुकट जेवण मिळतंय तोवर अर्धा पगार बंद. कायदा खरंच असा आहे? मी मास्तर असून मला ठाऊक नाही. विचारायला जायला हवं, पण फार थकलोय.

"अरं, म्या तितं दूध प्यायचं, आन् हितं पोरं उपाशी?" दादा म्हणाला.

डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा चिरलं नाही तर हात कोपरापासून जाईल. ते ओलं फडकं माझ्याच्यानं बघवेना.

वहिनी पुढं आली. "अवो, उठा. म्या विड्या वळीन. मला येत्यात की. तुमी परत चला."

 दादा उठला. आम्ही दोघांनी त्याला इस्पितळातल्या खाटेपर्यंत पोचवलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला.

 परतताना वहिनी गिरणीच्या चाळीपाशी थांबली आणि हळूच म्हणाली,

"भावजी, विडी वळायला कोण शिकवंल का वो?"