विमानतळ ते बेट: दोन तास दहा मिनिटं

शनिवार, ७. सकाळी ११.
वहिनीचा फोन. दादाला बरं नाही. हृदयाचं दुखणं. बेटावरची डॉक्टरीण म्हणते, ताबडतोब पलीकडे विमानतळाजवळच्या हॉस्पिटलात हलवा. दादा म्हणतो, धाकटा आल्याशिवाय मी हलणार नाही. धाकटा म्हणजे मी. अकरा वर्षं तोंड बघितलं नाही एकमेकांचं आणि आता हा हट्ट. लहानपणापासून असाच आहे. वहिनीला सांगितलं, येतो.

दुपारी ४.
उद्याच्या विमानात जागा होती. परवाची घेतली. धावतपळत प्रवास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. बस कंपनीच्या टाइमटेबल ऑफिसात चौतीस वर्षं काढली आहेत, घाईने काय होतं ते मला शिकवू नये. ही म्हणाली, उद्याच जा, दादांचं काही खरं दिसत नाही. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून ही येऊ शकत नाही. सल्ले मात्र बसल्या जागेवरून देता येतात.

रविवार, ८.
प्लॅन तयार. विमान उतरणार ८.४०. बाहेर ८.५५. विमानतळ ते धक्का बस, ९.१० ते ९.४०. बोट १०.२०. बेट १०.५०. एकूण दोन तास दहा मिनिटं. चाळीस मिनिटांची मार्जिन ठेवली आहे, कारण माणसं मूर्ख असतात.

बोटीची वेळ माझ्या 'बेट' या फाइलमध्येच सापडली. आई गेली तेव्हा मी स्वतः धक्क्यावर फोन करून लिहून घेतली होती. तेव्हा जाणं जमलं नाही. नवीन टाइमटेबल लागायचं होतं, साहेबांनी सोडलं नसतं. (विचारलं नव्हतं. पण सोडलं नसतंच.) त्यावर दादा फोनवर काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

संकल्प: चहा दिवसातून दोनदाच. कुणावर चिडायचं नाही. पहिलं वाक्य मी बोलायचं. वाक्य ठरवलं: 'झालं गेलं विसरू, तुझंही चुकलंच होतं.' माफी वगैरे मागण्याचा प्रश्न येत नाही, फक्त वातावरण मोकळं करायचं.

सोमवार, ९. सकाळी ९.०५.
विमानतळ. सगळं वेळेवर. एक टॅक्सीवाला मागेच लागला होता, पंधरा मिनिटांत धक्क्यावर सोडतो म्हणाला. मी बसचा माणूस, टॅक्सीत बसणार नाही. चहा घेतला. पहिला.

दुपारी १२.
धक्क्यावर ९.४० ला पोचलो. अगदी ठोक्याला. बोट ९.३५ ला गेली होती.

तिकीट खिडकीत एक बाई आहे, पन्नाशीची, सतत विणत असते. तिच्या म्हणण्याप्रमाणे इथे बोटीला ठरलेली वेळच नाही. या बाजूला गाळ आहे, भरती आल्याशिवाय बोट तरंगत नाही. भरती रोज थोडी पुढे सरकते, तशी बोटही सरकते. दिवसातून एकच. रात्रीच्या भरतीला बोट काढत नाहीत. दोन्ही किनाऱ्यांवरून एकाच वेळी एक-एक बोट सुटते आणि मध्ये एकमेकींना ओलांडते. उद्याची वेळ बाई संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहिते. चौतीस वर्षांत इतकी अडाणी वाहतूक पाहिली नाही. मी तिला माझ्या फाइलमधली १०.२० दाखवली. तिने तारीख वाचली, मग माझ्याकडे बघितलं, आणि परत विणायला लागली. चिडलो नाही. आवाज फक्त मोठा झाला.

संध्याकाळी ६.
धक्क्यासमोरच्या लॉजवर खोली घेतली. पलंग, टेबल, नळ गळतो. खिडकीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसते. वहिनीला फोन केला. बोटवाल्यांनी न कळवता वेळ बदलली असं सांगितलं, आणि ते एका अर्थी खरंच आहे. ती म्हणाली, दादा दिवसभर खिडकीशी बसला होता. म्हटलं, आडवं व्हायला सांग त्याला. माणसाला स्वतःच्या तब्येतीची काळजी नको का?

मंगळवार, १०. सकाळी ७.
काल संध्याकाळी फळा बघायला गेलो नाही. गरज नाही. लॉजवाल्याकडून कळलं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. कालची ९.३५, म्हणजे आजची १०.२५. गणित सोपं आहे. लॉजवाला म्हणतो, साहेब, नऊलाच जाऊन बसा. लोकांना वेळेची किंमत नाही. मी १०.१५ ला पोचणार.

वाक्यात सुधारणा: 'चूक कुणाचीच नव्हती.' हे जास्त सभ्य वाटतं.

सकाळी १०.४०.
आज भरती फक्त पस्तीसच मिनिटं सरकली. बोट १०.१० ला गेली. मी पोचलो तेव्हा दिसत होती. बाई म्हणाली, साधारण म्हणजे रोज तेवढंच असं नसतं, चंद्रावर असतं. फळ्यावर १०.१० लिहिलेलं होतं, अक्षर सुरेख आहे. माझ्या गणितात चूक नाही. मला मिळालेली माहिती चुकीची होती. लॉजवाल्याला तसं सुनावलं.

चहा आतापर्यंत तीन. परिस्थितीच तशी आहे.

संध्याकाळी ५.
हिचा फोन. बोटीचं सांगितलं. हिने दोन्ही बोटींच्या वेळा विचारून घेतल्या. मग म्हणाली, तुम्हाला तिथे जायचंच नाहीये. काहीच्या बाही बोलते. विमानाचा प्रवास करून इथवर आलेल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे कमाल आहे. गुडघ्याच्या गोळ्यांनी होतं असं, म्हणून मनावर घेतलं नाही. (नंतरची भर, रात्री ९: नीट जेवण गेलं नाही. सूप पांचट होतं.)

फळा बघून आलो. उद्या १०.५०.

बुधवार, ११. सकाळी ८.१५.
धक्क्यावर आहे. इतक्या लवकर येऊन बसणारा मी एकटाच. तिकीट हातात. आता ब्रह्मदेव आला तरी बोट चुकत नाही.

नवीन वाक्य सुचलं: 'मी यायला हवं होतं.' खोडलं. एकदम एवढं बोलायची गरज नाही.

दुपारी १.
झालं असं. १०.३५ ला रांग सुटली. मी पाचवा. फळीवर पाय ठेवणार तोच लक्षात आलं की दादासाठी आपण काहीच घेतलेलं नाही. अकरा वर्षांनी रिकाम्या हाताने जायचं? बरं दिसत नाही ते. रांगेतून बाहेर पडलो. मागचा माणूस म्हणाला, अहो, चढा ना. त्याला सांगितलं, आलोच.

दुकान जवळच होतं. लोकरीचा मफलर घ्यायचा ठरवला. राखाडी की तपकिरी यात वेळ गेला. दोन्ही बघितले. दुकानदाराने शिट्टी झाली म्हणून सांगितलंसुद्धा. मी त्याला कापड धुतल्यावर आटतं का विचारत होतो. परत आलो तेव्हा पाय फार जड झाले होते. लॉजची गादी वाईट आहे.

मफलर राखाडी घेतला. चांगला आहे.

संध्याकाळी ६.
वहिनीचा फोन. आजच्या बोटीने का आला नाहीत म्हणून तिने विचारलं. मग मीच म्हटलं, उद्या नक्की. डॉक्टरीण आता रोज दोनदा येते, दादाच्या पायांना सूज आली आहे, श्वास लागतो, असं बरंच सांगत होती. अजून हलवलं नाही तर, असं म्हणून ती थांबली. मी म्हटलं, वहिनी, मला असं टेन्शन देऊन बोट लवकर सुटणार आहे का? ती बरं म्हणाली आणि ठेवला.

फोन बंद करून ठेवला आहे. सारखं काय ते विचारणं? उद्या थेट दारात जाऊन उभा राहीन. बघू दे दादाला.

गुरुवार, १२. सकाळी ११.५०.
बोटीत! वहीत आजवर मी उद्गारचिन्ह काढलेलं नाही, आज काढतो. फळ्यावर ११.३० होतं, सुटली ११.३०. नऊपासून बसून होतो. बाईने विणणं थांबवून हात केला.

मघाशी मधोमध समोरची बोट ओलांडून गेली. अगदी जवळून. त्यांच्याकडे मागच्या डेकवर एका म्हाताऱ्या पेशंटला खुर्चीसकट घोंगडीत गुंडाळून आणलेलं. असं उघड्यावर आणतात का माणसाला? काही व्यवस्था नाही. शेजारी एक बाई उभी होती, ती दोन्ही हात वर करून हलवत होती, काहीतरी ओरडतही होती. इंजिनच्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं. मीही हात हलवला. बेटावरची माणसं मोकळी असतात हे विसरलोच होतो.

वाक्य पक्कं: 'दादा, मी आलो.' एवढंच. पुढचं पुढे बघू.

दुपारी २.
घराला कुलूप आहे.

दुपारी ३.३०.
शेजारी एक शिंपी राहतो. त्याने चावी आणून दिली आणि सांगितलं. दादा हलायला तयार नव्हता. काल रात्री वहिनीने त्याची समजूत घातली, की भावोजी पलीकडे अडकलेत, त्यांना बोट मिळत नाहीये, तर आपणच जाऊ, हॉस्पिटलही तिथेच आहे, तिथेच भेटतील. तेव्हा कुठे तो हो म्हणाला. वहिनीने मला रात्रीपासून फोन लावला. फोन सुरू केला तर तिचे चौदा कॉल.

लावला. उचलत नाही. आजची बोट झाली. उद्याची १२.१५ ला. शिंप्याला विचारलं, मासेमारीची एखादी होडी? तो म्हणाला, आता पाणी उतरलं, पलीकडे गाळात रुतेल. मला माहीत आहे ते. तरी विचारलं.

संध्याकाळी ६.
घर लहान आहे. पुढच्या खोलीत दादाची हत्यारं भिंतीला ओळीने लावलेली, रंधा, पटाशा, करवती. बोटींची कामं करायचा तो, अजूनही करतच होता म्हणे. खिडकीशी एक लाकडी खुर्ची आहे. तिथून धक्का दिसतो. शिंपी म्हणाला, सोमवारपासून बोटीच्या वेळेला त्याला धरून तिथे बसवावं लागायचं. सगळे उतरले की तो म्हणायचा, उद्या येईल, टाइमटेबल बघून येणारा माणूस आहे. चेष्टेने म्हणायचा की कसं, ते शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, म्हणायचा एवढं खरं.

आतल्या खोलीत पलंग घातलेला आहे. धुतलेली चादर, उशाशी टॉवेल, पाण्याचा तांब्या. शिंपी म्हणाला, तो तुमच्यासाठी. दादाने सोमवारीच घालून घेतला होता.

चूक बोटवाल्यांची आहे, असं इथे लिहायला घेतलं होतं. हात चालत नाही.

शुक्रवार, १३. सकाळी ६.३०.
वहिनीचा फोन आला. दादा काल संध्याकाळी पावणेसातला गेला.

मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, तुम्ही तिथेच थांबा, नाहीतर पुन्हा आपण मध्येच एकमेकांना ओलांडून जाऊ. आम्ही सव्वाबाराच्या बोटीने त्याला घेऊन येतोय. तुम्ही फक्त शिंप्याला आणि डॉक्टरणीला सांगा. एवढंच काम दिलं. दोघांना सांगितलं.

दुपारी ४.
सकाळी आठपासून धक्क्यावर उभा होतो. बोट १२.४५ ला लागली. सहा माणसांनी त्याला उतरवलं. मला खांदा द्यायचा होता, पण माणसं पुरेशी होती.

वाटेत वहिनी सांगत होती. रडत नव्हती. काल मधल्या पाण्यात दादानेही मला बघितलं होतं. तिच्याआधी. 'आला बघ,' म्हणाला, आणि हसला. मी हात हलवला तेव्हा त्याने घोंगडीतून हात बाहेर काढला होता. मला तो दिसला नाही. मग हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत विचारत होता, धाकटा परत फिरला का? तिने सांगितलं, बोट नाही, उद्या येतील. तो म्हणाला, हो, त्याचं वेळेचं असतं.

मी माझ्या लॉजच्या खिडकीतून ज्या इमारतीची भिंत तीन दिवस बघत होतो, त्याच इमारतीत तो होता. आणि मी इथे, त्याने घालून घेतलेल्या पलंगावर झोपलो होतो. झोप लागली होती. हे मी लिहून ठेवलं पाहिजे. चांगली लागली होती.

शनिवार, १४. संध्याकाळी ५.
सकाळी सगळं उरकलं. शंभरेक माणसं होती. बहुतेकांच्या बोटी त्याने दुरुस्त केलेल्या. त्यातला एकही मला ओळखत नव्हता. एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही कोण? शिंप्याने परस्पर सांगितलं, पाहुणे आहेत.

मनाशी ठरवलं होतं, आता इथे राहायचं. महिना, दोन महिने. वहिनी एकटी आहे. हत्यारांना तेलपाणी करायचं, छपराची एक बाजू गळते ती करून घ्यायची, भाजीपाला आणून द्यायचा. हिला फोनवर कळवून टाकलं. ही म्हणाली, खरंच थांबाल ना? म्हटलं, म्हणजे काय.

चार वाजता वहिनीने चहा आणून दिला. दादाच्या खुर्चीत मी बसलो नव्हतो, जमिनीवर बसलो होतो. सांगायला तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली. शांतपणे बोलली, रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"उद्याची बोट पावणेदोनला आहे, भावोजी. मी विचारून ठेवलंय. तुम्हाला कामं असतील."

मला कसलीही कामं नाहीत. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मी थांबतोय, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून 'बरं' निघालं.