बहिरीच्या काठचं धुणंघर आमचंच

काबर्नाक, सोमवार, दुपारच्या जेवणानंतर

सौ. ओर्ताँसताईस धाकट्या आन्सेल्मचा गालाला गाल लावून तीनदा नमस्कार. (आपल्याकडे तीनदाच. ओढ्यापलीकडचे पेरिझोलवाले चारदा लावतात. तिथेही त्यांना एकाने पुढे राहायचं असतं.)

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? लेओनीने बदकं चरबीत मुरवून बरण्या भरल्या आहेत, त्यातल्या दोन तुमच्या. कोंबड्या अंडी देतात ना? खुराड्याचं छप्पर गळत नाही ना? आणि दारावरच्या लादीवर कोरलेला तो मासा अजून आहे ना? सहज विचारलं. भावाने लग्नात दिलेल्या आहेराची चौकशी भावाने करायची नाही तर कुणी करायची?

तर ताई, पेरिझोलला पाटी मिळणार होती. हमरस्त्यावर प्रवाशांना वारसास्थळाची वाट दाखवणारी तपकिरी पाटी, तिच्यावर चित्र, खाली बाण आणि 'पेरिझोलचं जुनं धुणंघर' अशी अक्षरं. ही बातमी मला कुणी सांगितली नाही. पाववाल्याच्या गाडीपाशी रांगेत उभा असताना दोन बायका माझ्याकडे पाठ करून कुजबुजत होत्या, ते मी ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत. चर्चमध्ये पाद्री पुटपुटतो तेसुद्धा मला कळतं. (पाववाल्याची गाडी आधी पेरिझोलला थांबते आणि मग आमच्याकडे येते. तीस वर्षं मी त्यांच्याहून थंड पाव खातो आहे. त्यांची वस्ती एकशे बारा आणि आमची सत्त्याण्णव, त्यातही एकजण वर्षातले दहा महिने मुलीकडे असतो. त्यांच्या घंटाघरावर कोंबडा आहे, तोही सोनेरी. आमच्या घंटाघरावर विजेची सळई आहे.) एवढं सगळं मी गिळलं, पण पाटी गिळवेना. पेरिझोलचा सरपंच म्हणजे तो झेफिराँ मालोरी, जो शाळेत माझ्या पाटीवर बघून बेरीज करायचा. मी हातगाडीवर कौलं ओढून वखार उभी केली, तीन गावांच्या डोक्यावर छप्पर घातलं, लोकांनी सरपंच केलं. आणि त्याला सगळं घरबसल्या, मामाच्या शेतासकट. त्याला पाटी का? धुणंघर म्हणजे तरी काय, ओढ्याकाठी एक दगडी टाकं, चार खांब, वर गंजके पत्रे. आपली आजी तिथे गुडघ्यांवर बसून कपडे बडवायची आणि पेरिझोलच्या बायकांना नावं ठेवायची. वारसा म्हणायचाच तर तो आजीच्या शिव्यांचा.

तीन रात्री मला झोप नाही. तुझी भावजय लेओनी म्हणाली, "तुम्हाला पाटी हवी आहे की झेफिराँला ती मिळायला नको आहे, हे एकदा ठरवा." मी म्हटलं, दोन्ही. मग गावात वारसा शोधायला निघालो. चर्चचा दरवाजा जुना निघाला, पण तो मीच बसवलेला. ज्या दगडावर कुणी राजा म्हणे बसला होता, तो दगड गेल्या वर्षी रस्ता करणाऱ्यांनी फोडून खडी केली. एक खूप जुनी विहीर सापडली, तिच्यात पाणी नव्हतं, सायकल होती.

शेवटी पंचायतीच्या कपाटातून जमिनीचा जुना नकाशा काढला, दोनशे वर्षांपूर्वीचा, हाताने रंगवलेला. आमच्या कारकून बाई क्लोतिल्द म्हणाल्या, "सरपंच, तो होता तसा गुंडाळून ठेवा. त्या नकाशातून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही." पण मला दिसायचं ते दिसलं होतं. दोन गावांची शीव बहिरी ओढ्याच्या मधोमध. आज ओढा धुणंघराच्या अलीकडून जातो, म्हणून ते पेरिझोलचं. पण आजोबांच्या वेळच्या पुराने ओढ्याने पात्र बदललं. नकाशात तो धुणंघराच्या पलीकडून वाहतो. पाणी सरकलं, शीव नाही सरकली. धुणंघर काबर्नाकचं. ताई, त्या दुपारी मी आपल्या रीतीप्रमाणे उरलेल्या सूपमध्ये वाईन ओतून वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. थंड पावसुद्धा गोड लागला.

गुरुवारी वारसा समितीच्या बाई आल्या, मादाम व्हेर्दिए. चपटे बूट, मोठी वही, बोलण्यात एक शब्द जास्त नाही. झेफिराँने कोट घातलेला, मागे अर्धं पेरिझोल उभं. मी मोजणीवाल्याला घेऊन ओढा ओलांडला (बूट काढून, दगड शेवाळलेले, एकदा घसरून बसलोही) आणि त्याच धुण्याच्या टाक्यावर नकाशा पसरला. मोजणीवाल्याने दोरी लावली, आकडे सांगितले. झेफिराँने चष्मा काढला, पुसला, घातला, नकाशावर बोट फिरवलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमचंच आहे, आन्सेल्म."

"भांडणार नाहीस?"

"नकाशाशी कसं भांडायचं बाबा? घे. सुखाने घे."

इथे माझ्या कानांनी दगा दिला. त्याने सोडलेला निःश्वास मला ऐकू आला, पण तो दुःखाचा वाटला.

मादाम व्हेर्दिए म्हणाल्या, "म्हणजे मालक काबर्नाक. मग हे आता तुमचं," आणि झेफिराँच्या नावावर काट मारून त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. पाटी मिळेल, पण छप्पर मूळचं हवं. पत्रे चालणार नाहीत, नव्या लाद्याही चालणार नाहीत. मूळच्या दगडी लाद्या शोधून वसंतापर्यंत परत बसवायच्या. सोबत एक जुना फोटो, धुणाऱ्या बायका रांगेत आणि वर ते छप्पर. आणि पाटीबरोबर जी पुस्तिका निघणार तिच्यात छप्पर कुणी उतरवलं, केव्हा आणि लाद्या कुठे गेल्या याचं एक पान असणार. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही याच व्यवसायातले. तुम्हाला काही कल्पना?"

मी म्हटलं, चौकशी करतो. मागे झेफिराँ त्याच्या चौघांना सांगत होता, "गेली दोन वर्षं हा कागद माझ्या टेबलावर पडून होता रे." हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

असो. बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, गुडघ्याला कोबीची पानं बांध.

तुझा,
आन्सेल्म

ता. क. फोटो मी भिंग लावून पाहिला. दर्शनी कोपऱ्याच्या लादीवर मासा आहे.

ता. क. २. तुला आता सगळं सांगायला हवं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पेरिझोलच्या तेव्हाच्या सरपंचांनी मला फुटक्या लाद्या बदलायला सांगितल्या होत्या. मी सांगितलं, सगळ्याच फुटल्यात, पत्रे घाला, मोडतोड मी घेऊन जातो. शंभरातल्या नव्वद धड होत्या. मी बावीस वर्षांचा होतो, एक हातगाडी होती आणि बहिणीचं लग्न तोंडावर. त्याच लाद्यांनी शाकारलेलं तुझं खुराडं बघून तुमच्या पाद्र्यांनी मला चर्चच्या छपराचं काम दिलं आणि तिथून माझं बस्तान बसलं. मी आजवर जे काही झालो, ते तुझ्या कोंबड्यांच्या डोक्यावर झालो आहे. तर रविवारी कोंबड्या बाहेर काढून ठेव. मी लाद्या उतरवतो आणि नवी कोरी कौलं घालून देतो, वखारीतली सगळ्यात चांगली. दाजी पाहुण्यांना तो मासा दाखवतात, ते तेवढं रविवारपर्यंत थांबव. पुस्तिकेत मी लिहून देणार आहे की लाद्या एका कुटुंबाने जपून ठेवल्या होत्या. हे खोटं नाही. तुम्ही जपल्यातच.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात झेफिराँ आला. चार वेळा गाल लावले. मी त्याला काही बोलायच्या आत म्हणाला, "शिडी तेव्हाही मीच धरली होती, आन्सेल्म. एक्केचाळीस वर्षं मी कुणाला बोललो का? मग आता कशाला बोलेन?" रविवारी तोही येतो आहे, बशा दोन जास्त मांड. त्याची शिडी माझ्याहून उंच आहे. ट्रॉलीही त्याचीच न्यावी लागणार, माझ्या ट्रॉलीत लाद्या दोन खेपांत येतील, त्याच्या एकाच खेपेत मावतात. ती त्याने धुऊनपुसून आजपासूनच आमच्या चर्चसमोर उभी करून ठेवली आहे, सगळ्या गावाला दिसेल अशी.