हरलेल्या माणसाला पत्र

९ नोव्हेंबर १९३२, बुधवार

पडला! राष्ट्राध्यक्ष हूवर निवडणुकीत साफ पडला. आमचं इंडियानासुद्धा त्याच्या विरुद्ध गेलं.

ऑर्विल सकाळपासून पायऱ्यांवर बसून पत्र्याची बादली बडवत होता. समोरच्या घरातून कुणीतरी ताल धरला. शेवटी माझी बायको लीव बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ. बादली हिसकावून घेतली. "भाऊजी, माणूस पडला म्हणून माझ्या दारात बादली वाजवायची नाही. हौस असेल तर रस्त्यावर जा."

छत्तीस वर्षांचा माझा धाकटा भाऊ, महायुद्ध बघून आलेला. पण वहिनीपुढे त्याचं काही चालत नाही. बादली दिली. मग तोंडानंच वाजवायला लागला! लीव हसू दाबत आत पळाली.

मला हाक मारली. ताटात एक व्हॅफल, तिच्या गावची जाळीदार गोड पोळी, जास्त. "गावानं काय करायचं ते केलं. तू शब्द पाळलास, हार्लन."

नको म्हणायला हवं होतं. तरी खाल्लं.

१० नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहितो. मी शब्द पाळला नाही.

लीव बेल्जियमची. लग्नाला सात वर्षं झाली, पण नागरिकत्वाचे कागद अजून सरकारदरबारी अडकलेत. त्यामुळे तिला मत नाही. मंगळवारी निघताना माझी कॉलर नीट करत म्हणाली, "मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. हे एक माझ्यासाठी कर. तुझं मत हूवरला दे." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

मतदानाच्या खोलीत पडदा ओढला आणि मार्च महिना डोळ्यांपुढे आला. कारखान्याच्या फाटकावरची, कामावरून काढलेल्यांची यादी. अठरा वर्षं रबरी बूट कापले मी तिथे, आणि यादीत माझं नाव वरून चौथं! मग ऑर्विलचे धुरानं सुजलेले डोळे आठवले. हात भलतीकडेच गेला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "दिलंस?" म्हटलं, "दिलं."

कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी ताकातले बटाटे. आणि तोंडी लावायला हूवर.

ऑर्विल म्हणाला, "आता इतिहासात जाईल म्हणे. जाऊ दे. मी पुस्तकाचं ते पान फाडीन."

लीव : "फाडा. मागच्या पानावर माझा भाऊ आहे, तोही फाटेल."

हे ती नेहमी सांगते. महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं, धान्य संपलं, तेव्हा ही बारा वर्षांची, भाऊ येफ पाच वर्षांचा. हूवर तेव्हा साधा इंजिनियर होता. त्यानं जहाजं भरभरून पीठ पाठवायची व्यवस्था केली. रोज अकरा वाजता शाळेत एक पाव आणि वाटीभर सूप. रिकाम्या पोत्यांचे आया कपडे शिवायच्या. येफच्या चड्डीवर मागे अमेरिकन गिरणीचं नाव होतं, लाल अक्षरात. "आम्हाला इंग्रजी वाचता कुठे येत होतं! पाद्रीबाबा म्हणायचे, हा मुलगा बसतो तिथे अमेरिका बसते."

ऑर्विल इतका हसला की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, तुमच्या येफला पीठ आणि मला धूर. मी काय घोडं मारलं होतं त्याचं?"

लीवनं त्याला आणखी बटाटे वाढले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आज थँक्सगिव्हिंग, आभार मानायचा सण. सणाचा टर्की पक्षी परवडणार कुठून! लीवचे मामा — कमील मामा — ससा घेऊन आले, लीवनं तो आलुबुखारे घालून शिजवला. मामा इथल्या बेल्जियन क्लबचे अध्यक्ष. कबुतरं पाळतात, शर्यतीत उडवतात. हरलेल्या कबुतरांचं काय करता, असं विचारलं की आकाशाकडे बघतात.

जेवण झाल्यावर लीव एकदम म्हणाली, "मामा, मार्चमध्ये हूवर राष्ट्राध्यक्षाचं घर सोडून जाणार. आपल्या क्लबानं त्याला आभाराचं पत्र पाठवावं."

मामांचा पाईप तोंडातच राहिला. "पोरी, अर्ध्याहून जास्त लोक काम सुटून घरी बसलेत. मला कबुतरांसकट हाकलतील!"

"विचारून तर बघा."

"रविवारी बैठक आहे. तूच विचार."

बायकांनी बैठकीत बोलायची तिथे पद्धत नाही. लीवनं बटवा उचलला जणू आत्ताच निघायचंय.

२७ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

हॉल गच्च. बाहेर बर्फ, आत पाईपचा धूर. लीव उभी राहिली. येफची गोष्ट सांगितली, पण चड्डीचा भाग गाळला — आणि मागून कुणीतरी ओरडलं, "चड्डीचं सांग!" म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक! हशा पिकला. कित्येकांच्या घरी तीच चड्डी असणार.

मग एक म्हातारा उठला. "भूक कशी असते ते त्याला माहीत होतं. म्हणून तर जास्त राग. तिथली दिसली, मग इथली का नाही दिसली?" टाळ्या. दुसरा म्हणाला, "मंदी काय त्यानं एकट्यानं आणली?" त्याला खाली बसवलं.

आणि ऑर्विल उठला. मला वाटलं, आता शिव्या. पण आवाज चढवला नाही त्यानं.

"मी लढाईवर गेलो होतो. आम्हाला सरकारनं बोनस कबूल केला होता, पण हातात मिळणार आणखी तेरा वर्षांनी. पोट तेरा वर्षं थांबत नाही. म्हणून उन्हाळ्यात वॉशिंग्टनला गेलो, मागायला. नदीकाठी खोक्यांच्या झोपड्या बांधून राहिलो, बायकापोरांसकट. जुलैत फौज आली. माझीच फौज! अश्रुधूर सोडला, झोपड्या पेटवल्या. माझ्या शेजारी एक बाई पोराचं तोंड ॲप्रनमध्ये लपवत होती. सेनापतीनं जास्तच केलं म्हणतात. असेल. पण फौज बोलावली कुणी?"

लीव अजून उभीच होती. म्हणाली, "भाऊजी खोटं बोलत नाहीत. मालगाडीतून घरी आले तेव्हा त्यांचे डोळे मी धुतलेत, तीन आठवडे. त्यांना रागवायचा हक्क आहे. पण माझा भाऊ जिवंत आहे हेही खोटं नाही. दोन्ही एकाच माणसानं केलं. मी त्यातलं एक विसरू कसं? जाब विचारायचा तर विचारूच. त्याआधी कुणीतरी आभार मानायला नकोत का?"

हात वर झाले. अकरा बाजूनं, सव्वीस विरुद्ध.

घरी येताना लीव पुढे, ऑर्विल मागे. मधल्या बर्फात मी.

२८ नोव्हेंबर

दोघं बोलत नाहीत. मीठ हवं तरी माझ्यामार्फत! लीवला त्याचा राग नाही, तिला रडू येतंय. ऑर्विललाही राग नसावा — सकाळी ती उठायच्या आत तिचा चुलीजवळचा कोळशाचा डबा भरून ठेवतो. पण बोलायचं कुणी आधी?

१ डिसेंबर, गुरुवार

लीव म्हणाली, "क्लब नाही तर नाही. मी लिहिते."

दुपारभर लिहिलं. चांगला जाड कागद, मामांनी दिलेला, एकच. मग मला म्हणाली, "शुद्धलेखन बघ."

बघितलं. येफ होता. पाव होता. ऑर्विलही होता — "माझ्या दिरावर तुमच्या राज्यात अन्याय झाला, तोही मी तुम्हाला सांगणार आहे." आणि खाली, गोल अक्षरात : "मला मत नव्हतं, पण या निवडणुकीत माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी तुम्हाला मत दिलं."

ते वाक्य मी तीनदा वाचलं.

"चूक सापडली?"

"हो. ते वाक्य."

"त्यात काय चुकलं?"

सांगितलं. पडदा, यादी, ऑर्विलचे डोळे — सगळं. तिनं ऐकून घेतलं. शाई संपत आली होती, टाक दौतीत खरवडून बुडवला आणि त्या वाक्यावर एक सरळ रेघ ओढली. मग कागद टेबलावर ठेवून कपडे वाळत घालायला गेली. बर्फात! कपडे फळकुटासारखे ताठ झाले.

३ डिसेंबर

आता मीठसुद्धा मागता येत नाही कुणाकडे.

५ डिसेंबर, सोमवार

आज बोलली. बटाटे सोलत होती, मी समोर बसलो आणि सुरी घेऊन सोलायला लागलो.

"मत कुणाला दिलंस त्याचा राग नाही," म्हणाली. "तुझ्या जागी असते तर माझा हातही कदाचित तिकडेच गेला असता. पण व्हॅफल का खाल्लंस?"

म्हटलं, "तू एवढ्या आनंदानं वाढलंस."

ती हसली. हसता हसता डोळे भरले. "जाड साल काढतोयस. निम्मा बटाटा जातोय."

म्हटलं, रेघेचं काय एवढं, दुसऱ्या कागदावर उतरवून काढ आणि पाठव. मान हलवली. "नाही पाठवणार. या घरातून त्याच्यासाठी एक मतसुद्धा निघालं नाही, हार्लन. आता कुठल्या तोंडानं लिहू?"

चूक माझी, आणि गप्प बसायचं तिनं. हे मला सहन होत नाही.

६ डिसेंबर, मंगळवार

पत्र टेबलावरच पडलं होतं. ऑर्विलनं सकाळी उभ्याउभ्याच वाचलं. मग बोट ठेवलं, रेघ ओढलेल्या वाक्यावर.

"वहिनी, हे परत लिहा," म्हणाला. "फक्त 'नवऱ्यानं' नको. 'दिरानं' करा."

लीवच्या हातातली किटली तशीच राहिली. मी म्हटलं, "अरे, तू मत दिलंस? त्याला? का?"

"तिला मत नव्हतं ना," म्हणाला, आणि कोळशाचा डबा घेऊन तळघरात गेला.