'टेक इट फ्रॉम मी' म्हणण्याचा हक्क

बाई, एक कोडं तुमच्यापुढे ठेवते. 'अनुभवाने सांगतो' असं बजावून माणसं सल्ला देतात, पण तो अनुभव मात्र क्वचितच सांगतात. असं का होत असावं? खर्ड्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवत होतात, तेव्हा हे तुमच्या वर्गात चालत नसे. 'इफ आय वेअर यू' म्हणजे मी तुझ्या जागी असते तर. त्याला कल्पना पुरते. 'टेक इट फ्रॉम मी' म्हणजे मी यातून गेले आहे, म्हणून माझं मान. त्याला स्वतःची हकिकत जोडावीच लागे. एकीने उठून 'टेक इट फ्रॉम मी, डोन्ट मॅरी' असं ठणकावलं, तर तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुझं लग्न कधी झालं गं?" वर्ग हसतो आहे आणि ती लाजून खाली बसते आहे.

त्याच वर्षी दुष्काळ पडला, घरचे ऊसतोडीला निघाले आणि माझी मॅट्रिकची परीक्षा आडवी आली. आई तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आहे, मी दाराआड. "बाई, हिला संगं न्यावी का ठिवावी? तुमीच सांगा." मी तुमच्या जागी असते तर, असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्हालाही परीक्षेआधी शाळेतून काढलं होतं. पुढे धाकट्या बहिणीच्या वयाच्या मुलींबरोबर तुम्ही पुन्हा बाकावर बसलात, एवढंच सांगितलंत. "लाज वाटली आसंल," आई म्हणाली. "अजून वाटते." आईने चहा संपवला. "मंग ऱ्हाऊ द्या हिला तुमच्याकडं."

आज माझी मुलगी विचारते आहे, लहानग्याला माझ्यापाशी ठेवून परदेशी शिकायला जाऊ का. उद्या तिला उत्तर हवं आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. लेकराला ठेवून जाण्याचा अनुभव माझ्या आईचा. तो मी तिला कधी विचारला नाही. माझा अनुभव मागे राहिलेल्या मुलीचा. तुमच्याकडे मला काही कमी नव्हतं. तरीही कांदा चिरायचं काम मी रोज मागून घेत असे, ते रडता यावं म्हणून. तुम्ही मात्र माझ्या कामसूपणाचं कौतुक करायचात.

सल्ला खरोखर अनुभवातून आला आहे का, हे तपासणं सोपं आहे: सांगणाऱ्याला थोडा कमीपणा आणणारं काही त्यात आहे का, ते पाहावं. दुपारी फोनवर मी मुलीला पुष्कळ समजावलं. कांद्याचं काही बोलले नाही.