पायदान

१० जून, सोमवार
जीप पुन्हा टेकली. ओढ्याच्या अलीकडे. काळ्या चिखलात पोट रुतलं, चाकं नुसती गरगर. आमचं शेत बटईनं करणारा शेषेराव बैल घेऊन आला. अप्पा पुढच्या सीटवरून हलले नाहीत. मांडीवर बेलाची पिशवी. सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुझी पुस्तकं टाक की चाकाखाली!"
शेषेराव हसला. बैल तेवढे हसले नाहीत.

११ जून
अव्वाला, आईला, आमच्या लिंगायत रीतीनं शेतात बसवून माती दिली, त्याला तीन वर्षं झाली. दर सोमवारी अप्पा तिच्या समाधीशी तासभर बोलतात. ती होती तेव्हा वर्षभरात तेवढं बोलत नसत.
जाता-येता टोचून बोलायला मी. माझी नोकरी, माझं पोट, मला मूल नाही. उदगीर ते शेत चाळीस मिनिटं.

१५ जून, लातूर
साहेबराव मिस्त्रीच्या गॅरेजात. गाडी उंच करून घ्यायची, म्हटलं.
"पुण्याचं किट घेतलाव तर जीपच्या किमतीत जातंय, सर. स्प्रिंगच्या शॅकल लांब केल्या की दोन इंच वर, स्वस्तात. स्प्रिंगचे पाटे वाढवले, शॉकअप बदलले, तर चार."
चार, मी म्हणालो.
"चार लई होतंय. वळणाला डुलती. अन् घरात म्हातारं माणूस हाय का? चढाया जड जातंय."
"न्हाई," मी म्हणालो.
खरं लिहितो – हे तेव्हा सुचलं. त्याआधी फक्त चिखल डोक्यात होता.

१६ जून
मोजलं. पायदान जमिनीपासून बारा इंच. अप्पा दाराची कडी धरून दोन दमात चढतात. सोळाला चढणार नाहीत.

२४ जून, सोमवार
गाडी झाली. देखणी दिसते!
अप्पांनी पाय उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. बायकोनं, अंबिकानं, आतून स्टूल आणलं. सासऱ्यांची तीच धावपळ करते.
"स्टुलावरून चढायला मी नवरदेव हाय का?"
मी हात पुढे केला. मनापासून नाही, पण केला.
"हात लावू नको. मेल्यावर उचला."
एकटाच गेलो. ओढा ओलांडला. गाडी कुठे टेकली नाही. चाळीस मिनिटं शांतता.

१ जुलै, सोमवार
एकटाच. बेल समाधीवर टाकला आणि परत.

९ जुलै
मागच्या अंगणात ठक् ठक्. अप्पा विटा रचत होते. मग खिडकीचा गज धरून वर पाय. चार विटा. माझ्याकडे पाठ होती.
अंबिकाला विचारलं, काय हे?
"श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अव्वांकडं जायचं म्हणतात."
विटा कुणी आणून दिल्या?
ती भाजी निवडत राहिली.

२२ जुलै
पाच विटा.

२६ जुलै
पाच विटा, वर शहाबादी फरशीचा तुकडा. ते जेवायला बसल्यावर पट्टी लावून पाहिली. सोळा!
गज अजून घामानं ओला होता.

२७ जुलै, लातूर
आणखी दोन इंच? साहेबराव तयार होईना. "उलटंल, सर. मला पाप लागंल."
मग पायदानच काढ, म्हटलं. दगडाला घासतं.
पाच मिनिटांचं काम. चार बोल्ट मी खिशात टाकले. पैसे घेतले नाहीत त्यानं. पुण्याच्या किटपासून चौकशी सुरू केली होती – सगळ्यात स्वस्त हेच निघालं.
पायदान जिन्याखाली ठेवलं.

५ ऑगस्ट, सोमवार
श्रावणातला पहिला. अप्पा सातलाच तयार. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूती, हातात बेल. गाडीपाशी आले. कडी धरली. पाय उचलला – आणि तो हवेतच राहिला. वाकून दाराखाली हातानं चाचपलं. डावीकडे, मग उजवीकडे. पायदानाच्या जागी बोल्टची भोकं.
मी टोमण्याची वाट पाहिली. उत्तरही तयार होतं.
"बरं केलास," म्हणाले. पहिल्यांदाच असं. आत गेले.
संध्याकाळी विटा भिंतीला नीट लावून ठेवलेल्या.

१२ ऑगस्ट, सोमवार
येता का, विचारलं नाही. त्यांनीही नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार
अप्पा पहाटे गेले. ओढ्याला पाणी. भावकी म्हणाली, शेतापर्यंत तुझीच गाडी जाईल. चौघांनी उचलून पुढच्या सीटवर मांडी घालून बसवलं, पाठीला पंचा बांधला. मी चालवली. कुठेही टेकली नाही.
अव्वाच्या शेजारी बसवून परत आलो, तर अंबिका दारात. काखेत पायदान.
"आता लावून घ्या," म्हणाली. मूठ उघडली. चारही बोल्ट.