वर्गातली उमाची जागा

शिळफाटा, खोपोली
दि. ९ ऑगस्ट १९७८

चि. उमास,
थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. यांचा खोकला थांबला. नेरळला तुझे आईवडील कसे आहेत? माहेरी जाऊन दोन महिने झाले, अंगावर थोडं मांस चढलं असेल.

गुरुजींचा ध्यानाचा वर्ग चालू आहे. आम्ही नऊ जणी उरलो. डॉक्टरांनी मला छातीतल्या धडधडीसाठी तिथे पाठवलं होतं, आणि ती थांबलीही होती. मधूभाऊजी गेल्यावर तू जेवेनाशी झालीस, म्हणून तुलाही मीच नेलं.

डोळे मिटायचे, श्वासाकडे बघायचं, मग मन कुठे गेलं ते एकेकीने सांगायचं. तू तिसऱ्याच दिवशी सांगून मोकळी झालीस. भांडणापायी त्या सकाळी तू डबा केला नाहीस, भाऊजी उपाशीच सायकलवर निघाले आणि ट्रकखाली आले. सगळ्यांनी तुला जवळ घेतलं. गोदूबाई तर रडली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वाटेवर तुझ्या मागून, "आज नवऱ्याला डबा दिलास ना गं?" असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते तू मला माहेरी जाताना विचारलंस. मी माहीत नाही म्हटलं.

मीच म्हणाले. सहज. सगळ्या पोट धरून हसल्या. मग ते रोजचंच झालं. खरं सांगू? त्या महिन्यात सगळ्यांना झोप लागायला लागली. गुरुजी म्हणायचे, हा एकत्र बसण्याचा गुण. तू मात्र वाळत गेलीस.

तू गेलीस आणि वर्गात कुणाचं मन लागेना. नुसती चुळबुळ. मग एका मंगळवारी गोदूबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "विमलबाईला झोप लागायला काय झालं? घरात रडायला पोर हाय कुठं?" गुरुजींची बायकोसुद्धा हसली. आता रोज काहीतरी असतंच. धडधड परत सुरू झाली. वर्ग सोडावा तर म्हणतील, झोंबलं हिला.

म्हणून लिहिते, तू परत ये. रविवारी हे तुला न्यायला येतील. उमाला तिकडे एकटं वाटतं, असं मी त्यांना सांगितलंय. तुझ्या आईवडिलांसमोर नाही म्हणू नकोस. वर्गात रोज तासाभराचा तर प्रश्न. तू सोसतेस गं, तुझा स्वभावच तसा. माझ्याच्याने होत नाही.

तू येणार, हे मी काल वर्गात सांगून टाकलं. काल मला कुणी काही बोललं नाही.

तुझी वाट बघणारी,
विमल