थँक्यूबाई

६ नोव्हेंबर २०१७, यवतमाळ

मशीनी दुरुस्त करत हिंडणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो,

रोजनिशी अशी सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पण समोर माणसं बसल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि लिहिताही येत नाही. तेव्हा तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. आपलं दुखणं एक आहे. मशीन बंद पडली की शिव्या आपल्याला, सुरू झाली की कौतुक मालकाच्या पैशाचं. दारात उभं राहिलं की आतून विचारतात, ‘कॉम्प्युटरवाला आला का?’ त्याला आईबापानं नाव ठेवलं असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. माझं ठेवलंय. संघर्ष. आणि मी ते वाया जाऊ देणार नाही.

आज मात्र मी खुशीत आहे. पुण्याची नोकरी सोडून नेरला घरी आलो होतो, आणि आज एसटीनं यवतमाळात उतरलो. दत्त चौकाजवळच्या सलीलभाऊंच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. त्यांचं घराणं वकील-मास्तरांचं. मुलाखतीत तासभर आमचा राज्यघटनेवर वाद झाला आणि शेवटी ते म्हणाले, ‘उद्यापासून या, पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नका.’ दुकानात भैरवी नावाची एक मुलगी आहे, कामात माझ्यापेक्षा तयार. ती सांगत होती की बोंडअळीनं जिल्ह्याचा कापूस खाल्ला, तरी शहरात किराण्यापासून दवाखान्यापर्यंत रोज नवा कॉम्प्युटर बसतोय, आणि बिघडला की सगळे रडत आपल्याकडेच येतात.

राहायला लोहाऱ्याला, इंदूबाईमावशीकडे. लहानपणी आईच्या आजारपणात हिनंच मला वाढवलं. जेवताना मी बेरोजगारीवर बोलत होतो. ती म्हणाली, ‘तुह्या तोंडाले बटन नाई का रे? भाकर थंडी होऊन राह्यली.’

९ नोव्हेंबर

पहिलं मोठं काम. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. मावशी हंगामात तिथंच कामाला जाते. मॅनेजर कमलाकरसाहेबांनी शेडच्या दाराशी हजेरीची मशीन लावली आहे. काचेवर अंगठा ठेवला की पडद्यावर नाव येतं आणि आतून एक बाई इंग्रजीत ‘थँक यू’ म्हणते. मजुरांनी तिचं नाव थँक्यूबाई ठेवलंय. जिन चालवणारा खेमसिंग नखशिखांत रुईनं पांढरा झालेला. मला म्हणाला, ‘जिंदगीत कोनी आमाले थँक्यू म्हनलं नाई भाऊ, हे एकच बाई म्हनते. लगन लावून दे हिच्यासंगं.’

तक्रार अशी की समोर कोणी नसतानाही ही बाई मधूनच बोलते. तारा तपासल्या, काच पुसली, दोष सापडला नाही. हंगाम नवा म्हणून सगळ्यांचे अंगठे नव्यानं नोंदवून घेतले. मावशीचा काही घेईना. उभा जन्म कापूस वेचला तिनं. बोंडांच्या टोकांनी बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या. दहाही बोटं ठेवून झाली. ‘ट्राय अगेन,’ बाई म्हणाली. आणि अंगठा उमटला नाही तर रोजी नाही, हा साहेबांचा कायदा. ज्या कापसानं रेषा खाल्ल्या, त्याच कापसाच्या दारात तिला तिची ओळख पटवायला सांगतात! मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. तिच्या नावावर माझा उजवा अंगठा नोंदवला. आता रोज सकाळी दुकानात जाताना तिला सोडायचं आणि तिच्या नावानं अंगठा ठेवायचा. खेमसिंग पोट धरून हसला. ‘घ्या! भाचाच मावशी झाला.’

१७ नोव्हेंबर

मन थाऱ्यावर नाही, तरी नीट लिहितो.

सकाळी अंगठा ठेवून वळलो तोच मागून पुन्हा ‘थँक यू’. मशीनसमोर कोणी नव्हतं. पडद्यावर खेमसिंगचं नाव. तो तर आत जिनवर उभा राहून दोन्ही हातांनी कापूस लोटत होता. मी ओरडून सांगितलं, की बाई तुझी आठवण काढते. तो माझ्याकडे बघून हसला. त्याच वेळी त्याचा उजवा हात पुढे गेला. मी पाहिलं. तो हात लोटत नव्हता, ओढला जात होता. जिनचे फिरते रूळ अजून वीतभर दूर होते आणि मधे कापूसही नव्हता. खेमसिंगनं डाव्या हातानं आपलंच मनगट धरलं, पाय रोवले, आणि तरीही.

रुळांनी पंजा घेतला, मग मनगट, मग कोपर. हाड फुटल्याचा आवाज त्या सगळ्या घरघरीच्या वर ऐकू आला. खालून रुई लाल होऊन पडू लागली. मेन स्विच मी पाडला. कमलाकरसाहेब धावत आले आणि त्यांचा पहिला हुकूम असा, की लाल रुई बाजूला काढा, गठाण खराब होईल.

हात सापडला नाही. रुई उपसली, सरकी उपसली. नाही.

१८ नोव्हेंबर

खेमसिंग सरकारी दवाखान्यात बेशुद्ध आहे. आज सकाळी त्याची हजेरी लागली. काचेवर अंगठ्याचा ओला लाल ठसा होता, त्याला रुईचे धागे चिकटलेले. मी रुमालानं पुसला. रुमाल जाळला.

मग फाटकाशी पिंपावर चढून बोललो. म्हणालो, ही मशीन नाही, ही सावज हेरणारी आहे; जोवर ती भिंतीवर आहे तोवर कोणीही आत जाऊ नका. बायका माना डोलावत होत्या. भोंगा वाजला आणि एकेक जण आत गेला, अंगठा ठेवत. जाताजाता मावशी म्हणाली, ‘यंदा वावरात अळीनं काई ठेवलं नाई. इथं नाई तं जावं कुठं? तू चांगला बोलतं बाबा. पन भोंगा वाजला.’

मी तिचा अंगठा ठेवला. का ठेवला?

२३ नोव्हेंबर

‘थँक यू.’ पडद्यावर भुरीबाईचं नाव. खेमसिंगच्या जागी तिलाच जिनवर उभं केलं होतं.

या वेळी मी धावलो. तिचे दोन्ही खांदे धरले. तिचा हात तिला माझ्यासकट ओढत होता. तान्हं लेकरू घरी ठेवून आलेली बाई ती, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भाऊ, सोडू नका.’ मी सोडलं नाही. तिच्या दंडाचं कातडं माझ्या हातात राहिलं. हात गेला, पदर गेला, पदरामागून वेणी, वेणीमागून—

माझ्या सदऱ्यावर तिचे केस आहेत.

मोठा पाना उचलला आणि हजेरीच्या मशीनचा चुरा केला. चौकीदारानं माझे दात पाडले. साहेब सगळ्यांना सांगत होते की बाईचंच लक्ष नव्हतं.

२४ नोव्हेंबर

ओठ शिवलेत. सलीलभाऊ म्हणाले, माफी माग, मोठं गिऱ्हाईक आहे. मी विचारलं, भुरीबाईचं वजन किती धरता? त्यांनी नव्या मशीनची ऑर्डर लिहायला घेतली.

पडून पडून एक गोष्ट ध्यानात आली. मागाहून कामाला लागलेल्यांना बाईनं कधी बोलावलेलं नाही. त्यांचे अंगठे अजून कोणी घेतलेले नाहीत, तोवर त्यांची हजेरी वहीत लागते. तिनं बोलावलं ते दोघंही माझ्या हातून नोंदले गेले.

मावशी म्हणते, मशीनच्या जागी आता नुसती भिंत आहे. आणि भिंत सकाळी ‘थँक यू’ म्हणाली. सगळे हसले. घाबरून हसले.

२७ नोव्हेंबर, सकाळ

नवी मशीन. सलीलभाऊंनी स्वतः बसवली. आत एकही नाव नाही, उद्या भैरवी येऊन सगळ्यांचे अंगठे घेणार आहे. मावशी मला न सांगता पायी निघून गेली. मी मागे धावलो.

खोक्यातून नुकतीच काढलेली. कोरी. काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्राही तसाच.

‘थँक यू.’

इंदूबाई.

२७ नोव्हेंबर, दुपार

कमरेला धरून ओढत आणली तिला. रस्ताभर शिव्या देत होती. ‘सोड मेल्या, रोजी बुडन!’ घरी आणलं. कडी लावली. खाट दाराला लावली. तिचे दोन्ही हात धरून बसलो. थंड नाहीत. ओढत नाहीत. तिनं हात सोडवून घेतले, चहा टाकला. ‘पाय, काई झालं का मले? पागल झाला तू.’

काही झालं नाही तिला. कपबशी धरून बसली आहे समोर. वाचली. माझी मावशी वाच—

पेन हातातून पडलं.

माझ्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा नाहीत. गुळगुळीत.

नाव तिचं. अंगठा माझा.

डाव्या हातानं

अक्षर वाकडं येतंय. माफ करा. मावशीनं माझा उजवा हात लुगड्यानं खाटेच्या पायाला बांधला आणि खाटेवर बसली. आम्ही दोघं वर. खाट दार रेटतेय. शेजारची रुखमाबाई दार ठोकते, काय झालं विचारते—

जिनचा आवाज इथवर. इतका जवळ कधी नव्हता—

खांदा निखळला. मावशी हात सोडत नाही. सोड म्हणतो, ती म्हणते, ‘नाई सोडत. तू बोल. तू बोलत राय.’

बोलतो. मशीनी दुरुस्त करणाऱ्यांनो, ती थँक्यूबाई स्वतः कोणाचा अंगठा घेऊ शकत नाही. आपण घेऊन देतो. मजुराला नाही म्हणता येत नाही, त्याला भोंगा आहे. आपल्याला येतं. ती भूक आपल्या हातची—

कडी तुटली—

भैरवी, उद्या येशील. मशीन कोरी आहे. कोरी राहू दे. साहेब ओरडेल, सलीलभाऊ काढून टाकतील, तरी. तू आणि तुम्ही सगळे, अंगठा घेऊ नका. कोणाचाही. एकाचाही अं—